फोल्मारची दाढी

मोझेल नदीकाठच्या मठात पहाटेचं स्तोत्र ब्रदर फोल्मारने सुरू केलं की पेंगणारे म्हातारे ब्रदरही ताठ बसत. हा फोल्मार मुळात इर्मेनगार्ड, एका द्राक्षमळेकऱ्याची मुलगी. साथीत घर रिकामं झालं, तेव्हा मेलेल्या भावाचे कपडे आणि नाव घेऊन ती मठाच्या दारात उभी राहिली. शेतात राबणाऱ्या ब्रदरांनी दाढी राखायची, गाणाऱ्यांनी काढायची, हा तिथला नियम. दाढी आणायची कुठून? मग तिने मान मोडून लॅटिन शिकून घेतलं आणि गाणाऱ्यांत जागा मिळवली. पुढे ते गाणंच तिचं सर्वस्व झालं.

मोठ्या सणांआधी सगळे अंगणात बसून एकमेकांची दाढी करत. फोल्मार पहिल्यापासून तिरसट ब्रदर गेरुंगच्या वाट्याला आलेला. गेरुंगला कमी दिसतं, असं सगळे म्हणत. त्याच्या अधू डोळ्यांबद्दल ती देवाचे आभार मानी आणि दाढी होईपर्यंत भीतीने डोळे मिटून बसे.

त्या वर्षी ईस्टरआधी गेरुंगचे हात थरथरू लागले. त्याचा वस्तरा आता चौकस, तोंडाळ लुडगरने घ्यावा, असं उपमठाधिपतींनी सांगितलं. गालावरून एकदा हात फिरवला की लुडगरला सगळं कळलं असतं. मग मठ सुटला असता, गाणंही.

गेरुंग जागचा हलला नाही. "बाकीचे घे. याची दाढी राठ आहे, तुला झेपायची नाही."

"राठ? बाबा, याच्या गालावरून माशी घसरेल," लुडगर म्हणाला. सगळे हसले.

"मग? अशी मुळापासून दाढी करायला तुला अजून वीस वर्षं लागतील."

उपमठाधिपतीही हसले आणि पुढे गेले.

गेरुंगने गालाला ऊन पाणी लावलं. त्या दिवशी पहिल्यांदाच तिने डोळे उघडे ठेवले. वस्तऱ्याची धार बाहेरच्या बाजूला होती. गालावरून फिरत होती ती बोथट पाठ, आणि तो स्पर्श तिच्या कातडीला पहिल्या दिवसापासून ओळखीचा होता.

"कधीपासून?" तिने ओठ न हलवता विचारलं.

"गप्प बस, कापेल." थोड्या वेळाने तो पुटपुटला, "ईस्टरला जरा वरच्या पट्टीत लाव. हल्ली मला ऐकू कमी येतं."

ईस्टरच्या पहाटे तिने सूर लावला, तो इतका वर गेला की खुद्द मठाधिपतींनी मान वळवली. गेरुंग समोर बघत उभा होता, नेहमीसारखाच कपाळाला आठ्या घालून.