पितळी शिट्टीचा मुद्देमाल

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकतात, अक्षरही वाकडं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. नवरा पोलिसात होता. तो गेल्यावर त्याच्या जागी मला घेतलं, कारण घरझडतीला बाईमाणूस लागायचं. हवालदार म्हणून निवृत्त झाले. बरेच गुन्हे पाहिले आणि विसरलेही. ती घटना मात्र आजही आठवते आणि तोंड कडू होतं.

लातूरची छोटी रेल्वे बंद झाली तेव्हा तिचं एक वाफेचं इंजिन सरकारी बागेत चौथऱ्यावर उभं केलं. ते इंजिन जन्मभर चालवलेला एक म्हातारा ड्रायव्हर जवळच्या मोहल्ल्यात राहायचा. सगळे त्याला चाचा म्हणत. खंडेनवमीला कामगार हत्यारं पुजतात, तसा चाचा दरवर्षी झेंडूचा हार आणि नारळ घेऊन इंजिनापाशी यायचा. एकदा मी तिथं बंदोबस्ताला होते.

"चाचा, तुम्ही मुसलमान, आन नारळ फोडता?"

"नारळ माझ्यासंगं कोळसा टाकायच्या फायरमनचा हाय, बेटी. तो शेडमध्ये फोडायचा. मेला बिचारा. त्याची ड्यूटी म्या करून राहिलो." मग इंजिनावर थाप मारून म्हणाला, "आन हिला काय, कोळसा-पाणी दिलं की झालं. जात न्हाई इचारत."

पुढच्या उन्हाळ्यात इंजिनाची पितळी शिट्टी चोरीला गेल्याची फिर्याद आली. इंजिनाला रंग देणारा ठेकेदार स्वतः ठाण्यात खबर घेऊन आला. म्हातारा पाना घेऊन वर चढलेला बागेच्या माळ्यानं पाहिला, असं त्याचं म्हणणं.

झडतीला मला नेलं. घरात चाची एकटीच होती. मी गव्हाच्या पिंपाकडे वळले तशी ती मध्ये आली. "बेटी, त्याच्यात नको गं हात घालू." असं कुणी म्हटलं की तिथंच हात घालायचा, हे आम्हाला शिकवलेलं. गव्हाच्या तळाशी, जुन्या खाकी सदऱ्यात गुंडाळलेली शिट्टी निघाली. घासून लख्ख केलेली. पंचनामा झाला. पंच म्हणून सही ठेकेदाराच्याच माणसानं केली.

ठाण्यात एक शिपाई म्हणाला, "चाचा, शिट्टी घरी आणलीत, आता डबे कधी आणता?" सगळे हसले. चाचा मान खाली घालून बसला.

फौजदारांनी विचारलं, "कुणाला विकणार होतास?"

"इकायची असती तर घासली कशाला असती, साहेब? ठेकेदार रंगाला येतो आन दर खेपेला एक पितळ नेतो. दिवा गेला, वाफेचा दाब दाखवायचं घड्याळ गेलं. म्या सांगायला इथं आलतो. मला त्या बाकावर बसवून ठेवलं, मग म्हणले, उद्या या. शिट्टी तेवढी राह्यली होती. ती म्या घरी आणली."

त्याला बाकावर बसलेलं मीही पाहिलं होतं. टोपी मांडीवर ठेवून बसला होता.

"साहेब, पायजे तर मारा," तो म्हणाला. "फक्त कागदावर चोर लिहू नका. नातीची सोयरीक चालू हाय."

फौजदार माणूस बरा होता. ठेकेदार माल कुठं विकतो याची चौकशी करून आम्हाला घेऊन नांदेडला गेले. तिथल्या भंगारवाल्याकडे इंजिनाचा दिवा सापडला. शिट्टीवर कोरलेला इंजिनाचा नंबर त्याच्यावरही होता. भंगारवाला सरळ बोलला, "हाव साहेब, ठेकेदारच आणून देतो." परतताना जीपमध्ये फौजदार गाणं गुणगुणत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांना वरून बोलावणं आलं. परत आले ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "भंगारवाल्याचा जबाब लावायचा न्हाई. दिव्याचा विषय संपला." ठेकेदार सरकारी साक्षीदार झाला. चाचा आरोपी.

नातीची सोयरीक मोडली. चाचा तारखांना इस्त्रीचे कपडे घालून यायचा. पुकारा झाला की नोकरीत गार्डला आवाज द्यायचा तसा ताठ उभा राहून "हाजिर" म्हणायचा. निकाल लागलाच नाही. आरोपी मयत, एवढा शेरा पडला. चाचाला निर्दोष असं कुणी लिहिलं नाही.

नोकरीत मला एवढं कळलं, की कायदा वस्तू कुणाच्या घरात सापडली ते बघतो. ती तिथं का ठेवली, हे विचारायला त्याच्या कागदावर जागा नसते. आणि खबर द्यायला जो सगळ्यात आधी धावत येतो, त्याच्या घराची आधी झडती घ्यावी. हे मी कधी साहेबांपुढे बोलले नाही. बोलायची मला सवय नव्हती.

मुद्देमाल सोडवून शिट्टी परत इंजिनावर बसवली. काम त्याच ठेकेदाराला मिळालं. समारंभ झाला, त्याला शाल-नारळ दिला.

मागच्या खंडेनवमीला मी हार घेऊन बागेत गेले. पावसानं शिट्टीचा पिवळा रंग सोलला होता आणि खालून तांबूस गंज ओघळला होता. पितळेला गंज चढत नाही, एवढं चौथी झालेल्या बाईलाही कळतं. मी हार घातला, फायरमनचा नारळ फोडला आणि घरी आले.