बैठकीआधीचं इतिवृत्त

आमच्या सरकारी कंपनीत संचालकांच्या बैठकीचं इतिवृत्त आदल्या दिवशीच तयार असे. मी कंपनी सेक्रेटरी. मंत्रालयातून मसुदा यायचा, मी हजेरी तेवढी भरायची. याला कोणी लबाडी म्हणत नसे, पद्धत म्हणत.

मग सुधारणेचा कायदा आला. मंडळावर स्वतंत्र संचालक हवेत असं सरकारनं ठरवलं आणि ते कोण, हेही सरकारनंच. यादीतले बहुतेक सत्ताधारी विचारांचे. त्यातच एक निवृत्त प्राध्यापक होते, आमच्यासारखेच दिल्लीत मुरलेले मराठी. बिचाऱ्यांनी आपलं स्वातंत्र्य खरं मानलं.

पानिपतचा कारखाना विकायचा ठराव आला, तेव्हा ते म्हणाले, "क़ीमत एक ही एजन्सी से क्यों लगवाई? मेरा विरोध दर्ज कीजिए." सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्यापुढच्या कागदावर 'सर्वानुमते मंजूर' आधीच छापलेलं होतं. मी ते खोडून त्यांचा विरोध लिहिला. धाडसबिडस काही नाही, कायदा पाठ होता इतकंच.

दुसऱ्या दिवशी मंत्रालयातल्या सहसचिवांचा फोन आला. आवाज अगदी गोड. "मॅडम, आपके हज़बंड भी सरकार में ही हैं ना? बेटी की बारहवीं है, सुना. ऐसे में ट्रान्सफर हो जाए तो बड़ी दिक़्क़त होती है."

नवऱ्याची बदली म्हणजे लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर जाणार, मुलीचं वर्ष जाणार. नवरा म्हणाला, "काढून टाक ना यार ती ओळ. तुझं काय जातंय?" मी त्याच्यावर खेकसले. आठ दिवस फोन वाजला की आधी नंबर बघायचे, पण ओळ काढली नाही.

नवव्या दिवशी प्राध्यापक स्वतःच माझ्या केबिनमध्ये आले. बसले नाहीत.

"ताई, माझा तो विरोध काढा."

"सर, तुम्हीच लिहायला सांगितलंत."

"सांगितलं खरं. पण माझी मुदत संपत आलीय. पुन्हा नेमणूक झाली, तरच पुढं काही बोलता येईल ना?"

मला संताप आला. त्यांचा आलाच. पण त्यांचं बोलणं ऐकून मला जे हायसं वाटलं, त्याचा जास्त आला.

ते जिना उतरले असतील-नसतील, मी ओळ काढली आणि नवऱ्याला फोन लावला. म्हटलं, "सामान बांधायला नको आता."