सहाचा कान

तिचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि ते तिथंच राहिलं. साऱ्या दवाखान्यात तिला टाचणीबाई म्हणत. कामाला बसली की तिच्या ओठांत चार-पाच टाचण्या धरलेल्या असत, आणि त्या तशाच ठेवून ती बोले. नवीन माणसाला वाटे, बाई रागावल्यात. रागबिग काही नसे. तोंड उघडलं तर टाचण्या सांडतील, एवढीच तिची काळजी.

दवाखान्याच्या तळघरात, धुलाईखात्याला लागून, तिची शिवणखोली होती. दोन मशिनी, एक पायाची आणि एक विजेची. मधोमध लांब टेबल. भिंतीत अगदी वर एक आडवी खिडकी, तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसत. टाचणीबाईला ती खिडकी फार आवडे. तिच्या नवऱ्याचं चपला-बूट दुरुस्तीचं दुकान होतं, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर ती त्याला बातमी देई, "आज एक तपकिरी बूट गेला, टाच एका बाजूनं पार झिजलेली. दोन दिवसांत तुमच्याकडं येतोय बघा." बऱ्याचदा तो खरंच येई.

शिवण तिला आत्यानं शिकवली होती. आत्या प्रेमळ, पण टाक्याच्या बाबतीत दयामाया नाही. वाकडी टीप दिसली की काही न बोलता कात्री पुढं सरकवायची. उसवायचं आणि पुन्हा घालायचं. लहानपणी टाचणीबाईला त्याचा वैताग यायचा. पुढं कळलं, की उसवताना कापड जितकं समजतं तितकं शिवताना समजत नाही.

दवाखान्यातलं काम बहुतेक जुन्याचंच. चादर मधल्या भागात विरते, कारण माणूस मधेच झोपतो. कडा मात्र कोऱ्या राहतात. मग ती चादर मधून उभी फाडायची, कडा आत आणून एकमेकींना जोडायच्या, विरलेला भाग बाहेर घेऊन दुमडायचा. चादर आणखी दोन वर्षं चालते. त्यानंतर तिचे अभ्रे होतात, अभ्र्यांची लाळेरी, लाळेऱ्यांची फडकी. टाचणीबाईला एखादं कापड हातात घेतलं की ते आयुष्याच्या कुठल्या पायरीवर आहे हे सांगता येई. या कामाचा तिला बावीस वर्षांत कंटाळा आला नाही. कुणी विचारलं तर म्हणे, "कंटाळायला वेळ कुठंय? रोज नवीन भोक."

घरी मात्र तिचा हात मोकळा सुटे. सुट्टीच्या सकाळी बटाटा अर्धा कापायचा, त्यात पान नाहीतर मासा कोरायचा, रंगात बुडवून पडद्यावर उठवायचा. पडदे झाले, उशा झाल्या, नवऱ्याच्या दुकानातला एप्रनही झाला. नवरा म्हणे, "उभा राहिलो जरा वेळ तर माझ्यावरही उठवशील." पण तो एप्रन तो रोज घाले, आणि गिऱ्हाइकानं विचारलं तर "आमच्या घरात छापखाना आहे" असं गंभीर चेहऱ्यानं सांगे.

आता झालं असं. दवाखान्यात सात वॉर्ड. प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यावर, धुतली तरी न जाणाऱ्या काळ्या शाईनं, त्या त्या वॉर्डाचा आकडा उठवलेला असे. तो बघून धुलाईखात्याचे मामा गठ्ठे लावत. एक दिवस तीन नंबरचा रबरी शिक्का मधोमध चिरला. तीन नंबर म्हणजे मुलांचा वॉर्ड, म्हणजे चादरी सगळ्यांत जास्त लागणार तिथंच. सामानाच्या कोठीचे साहेब नियमाचे पक्के. त्यांनी रीतसर मागणीपत्र पाठवलं. महिना गेला, दुसरा गेला. शिक्का आला नाही. चाळीस कोऱ्या चादरी कोठीत पडून राहिल्या, कारण आकड्याशिवाय चादर बाहेर काढायची नाही हाही नियमच.

"मी कोरून देते," टाचणीबाई साहेबांना म्हणाली.

"तुम्हाला येतं?"

"वीस वर्षं बटाटे कोरतेय, साहेब."

साहेबांना बटाट्याचा संदर्भ लागला नाही, पण तीन नंबरच्या सिस्टर रोज दारात येऊन उभ्या राहत होत्या. ते 'बघा' म्हणाले. टाचणीबाईनं नवऱ्याकडून बुटाच्या तळाच्या रबराचा तुकडा आणि धारदार सुरी घेतली. एका संध्याकाळी बसून छान गोल पोटाचा, खाली ऐटदार शेपटी असलेला तीन कोरला, आणि लाकडाच्या ठोकळ्यावर चिकटवला.

दुसऱ्या दिवशी तिनं टेबलावर चाळीस चादरींचा गठ्ठा मांडला. कोपरे टेबलाच्या पलीकडच्या कडेला होते, म्हणून अलीकडूनच हात लांब करून उलट्या बाजूनं एकेक शिक्का मारत गेली. तिच्या बाजूनं पाहिलं तर आकडा तीनसारखाच दिसत होता. शेपटी जरा वर गेल्यासारखी वाटली, पण ओठांत टाचण्या आणि डोक्यात घाई. चाळीस शिक्के मारून तिनं गठ्ठा मामांकडं दिला आणि समाधानानं चहा प्यायली.

तासाभरात तीन नंबरच्या सिस्टर आल्या. "टाचणीबाई, चादरी कुठायत?"

"मामांनी वर पाठवल्या की."

मामांना विचारलं. ते म्हणाले, "पाठवल्या. सहा नंबरला. सहा लिहिलंय तर सहालाच जाणार."

टाचणीबाईनं ठोकळा उचलून बघितला. तीन. मग चिंधीवर उठवून बघितला. सहा. पोटं उलट्या बाजूला, शेपटी उलट्या बाजूला, आणि तीनचा चांगला घसघशीत सहा झालेला. बटाट्याचा मासा उलटा उठला तरी मासाच राहतो, पानाचं पानच राहतं. वीस वर्षांत तिच्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं तिला वाटलं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

सहा नंबर म्हणजे हाडांचा वॉर्ड. तिथल्या सिस्टर आणि तीन नंबरच्या सिस्टर यांच्यात आधीपासून छत्तीसचा आकडा. एका खुर्चीवरून सुरू झालेलं भांडण होतं, खुर्ची मोडून गेली तरी भांडण शाबूत होतं. आता तर सहाच्या सिस्टरना आयतंच सापडलं. "शिक्का आमचा आहे," त्या म्हणाल्या, "मी देणार नाही." त्यांच्या कोऱ्या चादरींवर लोक प्लास्टरातले पाय पसरून निवांत पडले होते. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं म्हणतात. इथं अंथरूणच चालून आलं होतं.

संध्याकाळी तिनं घरी नवऱ्याला सांगितलं. तो बुटाला पॉलिश करत होता. म्हणाला, "उलटंच कोरायला हवं होतं. डाव्या बुटाचा तळ कापताना आम्ही रबर पालथं धरतो. साधी गोष्ट आहे."

"मग काल का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस. सुरी मागितलीस, सुरी दिली."

ती पाय आपटत स्वयंपाकघरात गेली. मग भाजी चिरता चिरता चिंधीवरचा तो सहा समोर ठेवून बसली. शाई तर धुऊन जाणारी नव्हती. खोडायचं म्हटलं तर काळा डाग. ठिगळ लावावं तर कोऱ्या चादरीला ठिगळ. बघता बघता तिला तो आकडा आकडा दिसेनासा झाला. वरचं पोट, खालचं पोट, लोंबती शेपटी. हा तर कान होता. मोठ्या जनावराचा, मोठा कान.

"अहो," ती म्हणाली, "रबराचा मोठा तुकडा आहे का?"

त्यानं पॉलिश खाली ठेवलं. "या वेळी काय कोरणार ते आधी सांग."

"हत्ती. कान सोडून."

या वेळी दोघं मिळून बसले. तिनं कागदावर हत्ती काढला, त्यानं कागद पालथा करून दिव्याच्या उजेडाशी धरला आणि रेघा उलट गिरवल्या. कोरलं तिनंच. सोंड वर उचललेली, पोट गोल, पाय आखूड. कानाच्या जागी मोकळी जागा, बरोबर सहाच्या मापाची. चिंधीवर पहिला ठसा उठवला तेव्हा हत्ती आकड्याला असा बिलगला की सहा कुठं गेला ते शोधावं लागे. नवऱ्यानं चिंधी हातात घेऊन फिरवून बघितली. "डोळा जरा मोठा कर," एवढंच म्हणाला. त्याच्या तोंडून ही मोठीच पावती होती.

सकाळी ती सरळ सहा नंबरमध्ये गेली. सिस्टरना म्हणाली, "चादरी ठेवायच्या तर ठेवा. पण मी त्यांच्यावर हत्ती छापणार आहे. मग हाडांच्या वॉर्डात हत्तीच्या चादरी, शोभतील का ते तुम्हीच ठरवा." सिस्टरनी वॉर्डभर एकदा नजर फिरवली. मग त्यांनीच चादरी काढायला लावल्या.

चादरी धुऊन आल्या, ठसे उठले, आणि दुसऱ्या दिवशी चाळीस हत्ती मुलांच्या वॉर्डात गेले. दुपारी टाचणीबाई मुद्दाम वर चक्कर मारायला गेली. घशाचं ऑपरेशन झालेली एक मुलगी चादरीचा कोपरा उलटासुलटा करून बघत होती. तिला बोलायची बंदी होती. तिनं स्वतःचा एक कान धरला, मग दुसरा धरला, आणि हत्तीकडं बोट दाखवलं.

"दुसरा कान ना? तो पलीकडच्या बाजूला आहे," टाचणीबाई म्हणाली.

मुलीनं चादर उलटून दाखवली. पलीकडं काही नव्हतं. टाचणीबाई खाली गेली, राखाडी कापडाचा कपटा घेतला, दुपदरी करून कानाच्या आकारात शिवला, आणि वर येऊन चादरीच्या मागच्या बाजूला नेमका जागेवर टाचला. कान उचलला की वर होई, सोडला की पडे. मुलगी तिसऱ्या दिवशी घरी गेली तोवर त्या कानाला तिनं किती वेळा उचललं असेल याचा हिशेबच नाही.

व्हायचं ते झालंच. बातमी साहेबांपर्यंत गेली. त्यांनी टाचणीबाईला बोलावून लेखी खुलासा मागितला. तिनं टेबलाशी उभ्या उभ्या लिहून दिला: "तीन कोरले, सहा उठले. सहाचा कान केला. चादरी योग्य वॉर्डात पोचल्या." खाली सही.

साहेबांनी खुलासा दोनदा वाचला. मग कपाटातून नियमांची वही काढली, बोट लावून एक ओळ शोधली. "चादरीवर वॉर्ड ओळखू येईल अशी खूण असावी," त्यांनी वाचून दाखवलं. "खूण. आकडा असं कुठं म्हटलेलं नाही." त्यांनी वही मिटली. "चुकीच्या वॉर्डात हत्ती गेल्याची तक्रार आहे का?"

"नाही, साहेब. मामा म्हणतात, आकडे बघायला चष्मा लागायचा, हत्ती लांबूनही दिसतो."

"मग नमुन्याचा एक ठसा कागदावर द्या. फाइलला लावतो." ती दारापर्यंत गेली तेव्हा ते फाइलकडं बघतच म्हणाले, "आमच्या घरी स्वयंपाकघरात जमिनीवर नवीन लिनोलियम अंथरलं. तुकडे उरलेत. रबरापेक्षा बरं कोरलं जाईल का?" दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले तुकडे तिच्या टेबलावर होते. खरंच बरं कोरलं जाई. सुरी लोण्यातून फिरल्यासारखी फिरे.

मग सहा नंबरवाल्यांना राहवेना. हाडांच्या वॉर्डातली माणसं आठ-आठ आठवडे पडून असत आणि बाकी सगळं धड असल्यामुळं वाद घालायला ताजीतवानी असत. आम्हालाच का नाही, असा निरोप आला. टाचणीबाई कागद-पेन्सिल घेऊन वर गेली. एकानं सायकल सुचवली. सायकलीवरूनच पडलेल्या तिघांनी ती हाणून पाडली. शिडी म्हणणाऱ्या रंगाऱ्याकडं तर कुणी लक्षच दिलं नाही. शेवटी एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "घोडा काढा. पण चारी पाय जमिनीवर टेकलेला. उधळलेला नको." सगळ्यांना पटलं. सिस्टरनी घोडा बघितला, "शेपूट तेवढं झकास झालंय," म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून शिवणखोलीकडं त्यांची फेरी वाढली. तीन नंबरच्या सिस्टर तिथं असल्या तर दोघी वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभ्या राहून एकाच ठशाबद्दल बोलत. एवढंही पुष्कळ होतं.

दोन वर्षांत साती वॉर्डांना आपापली खूण मिळाली. पण टाचणीबाईला विचाराल तर तिला त्याहून वेगळीच गोष्ट सांगावीशी वाटते. चादरींच्या निमित्तानं रुग्णांचे नातेवाईक खाली डोकावू लागले. बाहेर बाकावर बसून बसून त्यांचे हात रिकामे झालेले असत. कुणी विचारी, "काही करू का?" तिनं नाही म्हणायचं कारण नव्हतं. दर बुधवारी दुपारी टेबलाभोवती चार-सहा माणसं बसू लागली. कुणी ठसे उठवे, कुणी गुंड्या लावी. फार बोलणं नसे. ज्याला बोलायचं असे तो बोले, आणि दोरा ओवता ओवता बोललेलं ऐकायला कुणाला जड जात नसे.

मागच्या बुधवारी एक बाप आला होता. दांडगा माणूस, हात पाट्यासारखे. त्याचं बाळ वरती होतं, ताप उतरला होता पण अजून दोन दिवस ठेवणार होते. त्याला सुई धरता येत नव्हती. टाचणीबाईनं मोठ्या नेढ्याची सुई शोधून दिली, अभ्र्याची कड दुमडून दाखवली. तो दीड तास मान खाली घालून शिवत बसला. टाके एक बोटभर, एक नखभर, मधे एक तिरका. झाल्यावर अभ्रा तिच्यापुढं धरून म्हणाला, "बाई, हे उसवावं लागेल ना?"

तिनं ओठांतल्या टाचण्या काढून शिवणाच्या छोट्या उशीत खोचल्या. कडेवरून अंगठा फिरवला.

"पक्कं आहे," ती म्हणाली. "न्या वर. बाळाच्या उशीला घाला."