चाकांवरचं घर

इंग्लंडमधल्या डेव्हनच्या कॅम्पसाइटवर आमचा तंबू जेमतेम उभा राहिला, तेवढ्यात वॉर्डन काका टेप घेऊन हजर. शेजारच्या तंबूपासून सहा मीटर हवेत. आमचे साडेपाच भरले. आमची कुरकुर ऐकून ते चक्क मराठीत म्हणाले, "उपटा."

तंबू हलवल्यावर मात्र त्यांनी आपल्या राहत्या गाडीत, मोटरहोममध्ये, चहाला बोलावलं. चपला बाहेर काढायला लावल्या.

"रिटायर झालो, हॅरोचं घर विकलं. एका जागी कंटाळलो होतो. आता मनात येईल तिकडे निघायचं!"

"मग कुठे कुठे फिरलात, काका?"

"छे रे! तिसरं वर्ष इथेच. व्हॉलंटियर आहे ना. मी गेलो तर लोक कुठेही तंबू ठोकतील."

निघताना चपला घालायला वाकलो. साइटभरचं गवत त्यांनी बोटभर कापून ठेवलं होतं. त्यांच्या मोटरहोमच्या चाकांभोवती मात्र ते गुडघाभर वाढलं होतं.