ओठांचे राखणदार

आरमोरीपासून वरोऱ्यापर्यंत जेवढी माणसे बोलतात, त्यांतल्या एकाच्याही तोंडाकडे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी निव्वळ प्रेमाने पाहिले असेल, असे मला वाटत नाही. आमचे भाऊजी लग्नांचे, बारशांचे, गावोगावच्या सोहळ्यांचे व्हिडिओ जुळवतात. कॅमेऱ्यातले चित्र एकीकडून येते, वेगळ्या यंत्रावर टिपलेला आवाज दुसरीकडून. त्या दोघांची गाठ घालून देणे हा त्यांचा व्यवसाय, आणि ती गाठ तसूभरही सैल राहू नये हा त्यांचा धर्म. घरी टीव्ही लागला की ते बातमी ऐकत नाहीत, बातमी देणारीचे ओठ पाहतात आणि "हे बाई आवाजाच्या मागं चालून राह्यली," असे म्हणून टीव्ही बंद करतात. जगात काय घडते ते माझ्या बहिणीला शेजारणीकडून कळते. तलावाच्या पैलतीरी कुणी धुणे आपटत असले, की हात आधी खाली येतो आणि आवाज मागाहून, पाण्यावरून चालत आल्यासारखा पोचतो. मधली ती एवढीशी फट मला कवितेतल्या विरामासारखी वाटते. भाऊजींना ती खड्यासारखी बोचते.

चित्र आणि आवाज जुळवायला एक खूण लागते, म्हणून कॅमेरा सुरू होताच ते त्यापुढे एक खणखणीत टाळी वाजवतात. राजुऱ्याच्या एका लग्नात अंतरपाट धरलेला, भटजींनी पहिल्या मंगलाष्टकासाठी श्वास घेतलेला, आणि भाऊजींनी टाळी दिली. मांडवाला वाटले, लागले लग्न! चारी बाजूंनी अक्षता उधळल्या, वाजंत्री सुरू झाली, मागे पंगतीची पाने पडली. नवरीचे मामा तरातरा आले. "काऊन जी भाऊ, लगन महाराज लावते का तुम्ही?" भाऊजींनी कॅमेऱ्यावरून मानही वळवली नाही. "लगन पुन्हा लावता येते, मामाजी. आवाज एकदा सरकला का मंग सापडत नाई."

अशा माणसाकडे मी एका म्हातारीचा आवाज सोपवला होता. ढिवरांच्या वस्तीतली ती बाई तलावात मासे धरी आणि रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीत मजुरीला जाई. तिने एक ओळ म्हणावी, मागच्या बायकांनी तीच ओळ उचलावी, आणि त्या लयीत हिरवी रोपे चिखलात उभी राहावीत. गेल्या रोवणीला भाऊजींनी तिचे चित्रण केले आणि मी बांधावर बसून माझ्या छोट्या यंत्रावर आवाज टिपला. थंडीत म्हातारी गेली. तिची लेक यमुना हिने गाणे मागितले, तेव्हा भाऊजींनी दोन दिवस जेवणाचे भान न ठेवता ओळीन् ओळ ओठांवर बसवली आणि पेन ड्राइव्ह तिच्या हाती दिला.

दुसऱ्याच दिवशी ती परत आली. मी तिथेच होते.

"भाऊ, हे माही माय नाई होय."

भाऊजींनी पडद्यावर बोट ठेवले. "ओठ पाहा, बाई, ओठ! एक केस तरी सरकला का?"

"तोंड मायचंच आहे. आवाज कोण्या पोरीचा आहे. उद्या तेरवी. तिच्यासंगं रोवणीले जात, त्या बायका येतीन गाणं ऐकाले. त्यायले हे ऐकवू?"

भाऊजींनी वाद घातला नाही, याचेच मला नवल वाटले. त्यांनी पडदा काळा केला आणि नुसता आवाज लावला. आवाज बारीक होता, घाईचा होता, कोवळा होता. त्यांनी तो पुन्हा एकदा पहिल्यापासून लावला. मग माझ्याकडे वळून हळूच विचारले, "बाई, तुमच्या मशीनवर कोणता आकडा होता?"

यंत्र आवाजाचे एका सेकंदात किती बारीक तुकडे करते, त्याचा तो आकडा. माझ्या यंत्राने चव्वेचाळीस हजार शंभर केले होते. मी दिलेल्या फाइलवर त्याची नोंद नव्हती. संगणकाने विचारले, तेव्हा भाऊजींनी व्हिडिओच्या सवयीने अठ्ठेचाळीस हजार सांगितले. त्याने तेवढ्या वेगाने तुकडे वाजवले, म्हणून सेकंदभराचे गाणे सेकंदाच्या आधीच संपू लागले आणि सत्तरीची बाई सोळाची झाली. प्रत्येक ओळीचा आरंभ त्यांनी ओठांवर नेमका बसवला होता. ओळ संपताना म्हातारी रोप लावायला वाकलेली, तेव्हा ओठ दिसतच नव्हते, म्हणून शेवटची फट लपून गेली. "पाहतच राह्यलो मी," भाऊजी म्हणाले, "ऐकलंच नाई."

त्यांनी आकडा बदलला आणि दोन दिवसांचे काम पुसून मूळ गाणे सलग लावले. आवाज खाली उतरला. संथ, रुंद, घशात थोडी खरखर असलेला. ओळीच्या टोकाला वाकताना होणारा तो कण्हल्यासारखा हुंकारही त्यात होता. यमुनाने पदर डोक्यावर ओढला. मायची ओळ संपली आणि यमुनाने ती उचलली, बांधीत उचलावी तशीच. पण ती शब्दाशब्दाला अडखळली आणि मागे पडत गेली. भाऊजींचा हात सवयीने माऊसकडे गेला, तिथेच थांबला, आणि मांडीवर परत आला. मायची पुढची ओळ सुरू झाली होती, लेक अजून मागचीच म्हणत होती, आणि भाऊजी डोळे मिटून दोन्ही ऐकत होते.