शाल-श्रीफळाच्या वेळचा गोल

पेठापेठांतली फुटबॉल मॅच असली की आमच्या केबल चॅनेलचे तीन कॅमेरे मैदानावर लागतात. मुलींच्या मॅचला एक कॅमेरा आणि मी. शूटिंग मीच करायचं आणि कॉलरला माइक अडकवून कॉमेंट्रीही मीच ठोकायची.

त्या दिवशी मुलींची फायनल होती. सुरू होण्याआधी दहा नंबरची मुलगी माझ्याकडे आली. कोडोलीहून रोज एसटीनं सरावाला यायची.

"काका, मला नीट दाखवा हां. पप्पा उद्या बघणार हायत."

वडील कागलच्या एमआयडीसीत सेकंड शिफ्टला. त्यांनी तिची एकही मॅच बघितली नव्हती. भावकी म्हणत होती, पोरीचं खेळणं आता बास. वडील म्हणाले होते, एकदा टीव्हीवर बघतो, मग ठरवतो. आमचं प्रक्षेपण दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, म्हणजे ते घरी असताना. मी छातीठोकपणे म्हणालो, "काळजी करू नको."

सेकंड हाफ निम्मा झाला तरी गोल नाही. तेवढ्यात प्रमुख पाहुणे अवतरले. पाहुणे आले की कॅमेरा तिकडे, हा आमच्या मालकांचा दंडक. मीही इमानेइतबारे वळलो. फेटा, शाल, श्रीफळ. मी "मान्यवरांचं आगमन" वगैरे घोळवत असताना पाठीमागे मैदान दणाणलं. वळून बघतो तर दहा नंबर मैत्रिणींच्या ढिगाऱ्याखाली. मॅचमधला तो एकच गोल. त्यावरच त्या जिंकल्या.

मॅच संपल्यावर मी निर्लज्जपणे तिला म्हणालो, "परत एकदा मार, मी बसवतो मधी."

"पप्पांना खोटा गोल दाखवू व्हय?" ती म्हणाली. डोळे भरले होते. मला माझीच लाज वाटली.

गोल कसा झाला ते मला ठाऊकच नव्हतं. शेवटी हरलेल्या संघाच्या गोलकीपरला विचारलं. ती फणकाऱ्यानं म्हणाली, "डावीकडनं दोघींना चकवून आली. मी झेप घेतली, बोटाला लागला बॉल, तरी आत गेला. लई जोरात मारती ती."

ऑफिसात मालकांनी बजावलं, "पाव्हणं कापायचं न्हाय." नाही कापलं. फक्त माझी मान्यवरांची टकळी पुसली आणि तिथं त्या गोलकीपरनं सांगितलेला गोल माझ्या आवाजात भरला. शेवटी म्हणालो, कॅमेरा भलतीकडे होता, चूक माझी.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर नारळ स्वीकारला जात होता आणि आवाजात दहा नंबर दोघींना चकवत होती. मॅच संपली आणि ऑफिसचा फोन खणखणला.

"पावणं, कोडोलीतनं बोलतोय. दहा नंबर माझी पोरगी हाय. गोलाच्या टायमाला नारळ कशाला दाखवला?"

"चुकलं माझं," मी म्हणालो. पोरीचं खेळणं आता माझ्यामुळं सुटणार, असं वाटलं.

ते म्हणाले,

"पुढची मॅच कवा हाय तेवढं सांगा. रजा टाकून येतो. तुमच्या कॅमेऱ्याचा काय भरवसा न्हाय."