डाव्या काखेतली माया

डॉक्टरांनी हात धुतले, टॉवेलला पुसले आणि आमच्या मंडळींना, म्हणजे बायकोला, बाहेर बाकावर बसायला सांगितलं. मग दार लोटून म्हणाले, "शंकरराव, हा कॅन्सर दिसतोय. कर्करोग. छातीत गाठ आहे आणि तिची मुळं काखेत उतरलीत."

पुढचं जरा वेळ मला काही ऐकू आलं नाही. कंपाउंडर बाटल्यांवर डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवत होता, तेवढं बघत राहिलो.

हे सांगतोय ते रडगाणं गायला नाही. उद्या तुमच्या घरात असं काही निघालं तर मी केला तो गाढवपणा तुम्ही करू नये, एवढ्यासाठी.

मी बारामतीतला शिंपी. पेठेत एका कापडवाल्याच्या ओट्यावर माझं मशीन. मंडळींचं नाव गोदावरी, माहेर निमगाव केतकीचं, बापाचा पानमळा. लेकरूबाळ आम्हाला झालं नाही. शिवताना कडेला दोन बोटं कापड जास्तीचं आत दाबून ठेवतात, पुढं अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात.

संक्रांतीला तिनं चोळी माझ्यापुढं टाकली, डाव्या काखेत आवळती म्हणाली. मी शिवण उसवून माया सोडली आणि वर चेष्टा केली, बापाची पानं खाऊन फुगलीस म्हणून. ती हसली. शिमग्याला परत तेच. तिसऱ्यांदा चोळी आली तेव्हा सोडायला माया उरली नव्हती, आणि आतून पिवळा डाग पडला होता. वाटेनं जाणाऱ्याचं माप मी नुसत्या नजरेनं सांगायचो. पण घरच्या बाईची एकच काख का आवळती, हे तो डाग बघेपर्यंत माझ्या टाळक्यात शिरलं नाही. तसाच तिला घेऊन दवाखाना गाठला.

तर डॉक्टर म्हणाले, मोठ्या ठिकाणी न्यावं लागेल, ऑपरेशन करावं लागेल. मग आवाज उतरवून विचारलं, पैशाचं कसं आहे. दार नुसतं लोटलेलं, बाहेर माझी दोन गिऱ्हाइकं बसलेली. अंगावर स्वतः शिवलेला कोट. मी म्हटलं, "त्येची काळजी न्हाय डाक्टर. हाय सगळं."

काय होतं? मंदी चालली होती. मालाला भाव नाही म्हणून लोक जुन्यालाच ठिगळं लावत होते. आदल्या सालीच धाकट्या बहिणीचं लग्न केलेलं. पेटी उघडली तर तळ दिसत होता. पण अब्रू आडवी आली.

डॉक्टरांनी माझ्या शब्दावर भरोसा ठेवून मुंबईच्या एका सर्जनला चिठ्ठी दिली. छोट्या गाडीनं दौंड, तिथून मोठ्या गाडीनं मुंबई. तिथं बायोप्सी केली, म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून काचेखाली बघतात. चार दिवस आम्ही व्हरांड्यात बसून काढले. रोग तोच निघाला. सर्जन म्हणाले, ऑपरेशन लवकर करा, मग रेडियम. तो एक फार महागाचा धातू असतो, त्याच्या सुया रोगाच्या जागी ठेवून रोग जाळतात. कारकुनानं आगाऊ भरायचा आकडा सांगितला. मी हूं म्हटलं, पैसे घेऊन येतो म्हटलं, आणि तिला सरळ स्टेशनावर आणलं.

तिला सांगितलं, जरा थांबून करायचं म्हणालेत. इकडं डॉक्टरांना सांगितलं, ती घाबरती, तिचं मन वळवतो. एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू.

दहा आठवडे गेले. कळसच्या मेव्हण्यानं, बहिणीच्या नवऱ्यानं, त्याला जमलं ते दिलं. कुणी लेप सांगितला, तोही आणला. त्यानं कातडी फुटली आणि पैसे गेले ते वेगळेच. शेवटी मशीन इंदापूरच्या एका शिंप्याला विकलं. तरी आकडा पुरा होईना.

एका दुपारी डॉक्टर सायकलवरून चालले होते. ओट्यापाशी थांबले. मी हातानं शर्टाला टाके घालत होतो. मशीन कुठंय, त्यांनी विचारलं. दुरुस्तीला दिलंय, मी म्हटलं. त्यांनी सायकल भिंतीला लावली, पायातले बूट काढले आणि माझ्या सतरंजीवर येऊन बसले. शर्टाच्या टाक्यांवर बोट फिरवून बघितलं, आणि मशीन विकलंय हे ओळखलं. मग म्हणाले, "तिनं गाठ तुमच्यापासून लपवली. तुम्ही तंगी माझ्यापासून लपवलीत. जोडी शोभते खरी."

मला रडू फुटलं. भर पेठेत, गिऱ्हाइकासमोर. एवढी जपलेली अब्रू अशी गेली, आणि खरं सांगतो, जीव हलका झाला.

त्यांनी तिथंच, माझ्या कापड कापायच्या पाटावर कागद ठेवून पुण्याच्या एका दवाखान्याला पत्र लिहिलं. तिथं गरिबांसाठी फुकट खाटा होत्या, पण त्याला ओळखीच्या डॉक्टरचं लेखी लागायचं. उतरायला धर्मशाळा सांगितली. मी तिला पाजत होतो त्या इंग्रजी लेबलांच्या ताकदीच्या बाटल्या बंद करायला लावल्या. दूध आणि अंडी द्या, म्हणाले, बाटलीत याहून जास्त काही नसतं. लेप तर उचलून गटारात टाकायला लावला. आणि कुणा पेशंटच्या घरी पडून असलेलं हातमशीन माझ्याकडं लावून दिलं. हे सगळं पहिल्या दिवशी झालं असतं. मी नुसतं "न्हाय" म्हणायला पाहिजे होतं.

पुण्यात ऑपरेशन झालं. बाहेर येऊन सर्जन एवढंच म्हणाले की उशीर झालाय, निघालं तेवढं काढलं.

परत आल्यावर डॉक्टरांना विचारलं, त्या दहा आठवड्यांनी फरक पडला का. उगीच धीर दिला नाही त्यांनी. म्हणाले, "पडला असेल. किती, ते मलाही सांगता येणार नाही. पण चूक एकट्या तुमची नाही. मी एकदा विचारलं, तेही दार नुसतं लोटून. दुसऱ्यांदा विचारायला पाहिजे होतं."

वरीसभर बरी गेली. मग पाठ दुखायला लागली, काखेतली जखम परत फुटली. रोग हाडात गेला होता. डॉक्टर म्हणाले, आता पळापळ नको, मुंबई नको, पुणे नको, घरीच सांभाळू. पट्टी बांधायला रोज माणूस लावायची आमची ऐपत नव्हती. त्यांनी मलाच शिकवलं. चिंध्यांना शिंप्याच्या घरात काय तोटा? उकळायच्या, उन्हात वाळवायच्या, हात साबणानं धुवायचे, मग बांधायच्या. कळ सोसेना तेव्हा मॉर्फिया द्यायला ते स्वतः यायचे. अफूपासून केलेल्या औषधाची सुई असती ती, तिनं कळ मरती. व्हिजिटचे पैसे घ्या म्हटलं तर म्हणायचे, जळोचीला चाललोय, वाटेत आहे तुमचं घर. आमचं घर जळोचीच्या वाटेवर नाही. मीही मग वाद घातला नाही, तेवढं शहाणपण आलं होतं.

एक दिवस पट्टी बांधताना मी तिला विचारलंच. इतके महिने पोटात ठेवलेलं. म्हटलं, गोदे, मला आधी का सांगितलं न्हाईस?

ती भिंतीकडं बघत म्हणाली, "सांगितलं असतं तर तुमी मशीन इकलं असतं."

मग तीच म्हणाली, "बांधा की. वारं लागतंय."

कार्तिकात सकाळच्या पारी ती गेली. कुंकवाचं लेणं घेऊन गेली, बायका भाग्याची म्हणाल्या. मला त्यात काही भाग्य दिसलं नाही.

आता माझ्या ओट्यावर कुणी घरच्या दुखण्याचं बोललं की मी सुई बाजूला ठेवतो. म्हणतो, डॉक्टरकडं जा, आणि दुखण्याच्या आधी पैशाचं सांग. नसतील तर नाहीत म्हण. आमचे डॉक्टर आता दार घट्ट लावून विचारतात, आणि दोनदा विचारतात. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत, हे मी त्यांना कधी बोललो नाही. दर दिवाळीला शर्ट शिवून देतो, ते गुमान घालतात.

ती गेली त्या दिवशी माहेरहून तिच्या शेवटच्या चोळीसाठी हिरवा खण आला. शेजारची बाई म्हणाली, पेठेतनं शिवलेली चोळी आणू, दाजी, तुमी नका बसू आता. मी ऐकलं नाही. हातमशीन उंबऱ्यापाशी ओढलं आणि कापायला बसलो. तिचं माप मला पाठ होतं. डाव्या काखेला माया दोन बोटांऐवजी चार बोटं ठेवली.